ओरल लायकेन प्लेनस आणि लाळेतले मार्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाच्या आतल्या अस्तराला दाह होतो, थोडा ओसरतो, पुन्हा उसळतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. अशा आजारांतला एक महत्त्वाचा आजार म्हणजे ओरल लायकेन प्लेनस. या रुग्णांच्या लाळेत दाहाच्या खुणा, म्हणजेच मार्कर, सापडतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्या खुणा मोजत राहिलं तर आजार कुठल्या वाटेने चालला आहे हे ओळखता येईल का? रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी याबद्दल जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते: लाळेतला आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून फारसं काही हाती लागत नाही. तो तुमच्याच आधीच्या आकड्याशेजारी ठेवला, आणि दोन्ही वेळा लाळ एकाच पद्धतीने घेतलेली असली, की मगच तो बोलायला लागतो.

ओरल लायकेन प्लेनसमध्ये तोंडात नेमकं काय होतं?

शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या टी पेशी, त्यातही सीडी-८ प्रकारच्या, तोंडाच्या अस्तराच्या सगळ्यांत खालच्या थरावर हल्ला करतात. त्या थरातल्या पेशी मरतात, त्याच्याखाली टी पेशींचा दाट पट्टा जमतो, आणि वरचं अस्तर कुठे जाड, कुठे पातळ होतं, कुठे सोलून निघतं. डोळ्यांना दिसते ती बहुतेक वेळा दोन्ही गालांच्या आतली पांढऱ्या रेषांची बारीक जाळी. एरास्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि १८९५ मध्ये लुई विकहॅम यांनी या रेषांकडे लक्ष वेधलं, म्हणून त्यांना विकहॅमच्या रेषा म्हणतात.

नुसती जाळी असेल तर अनेकांना पत्ताही नसतो. दुखऱ्या दातासाठी दंतवैद्याकडे गेल्यावर ती सापडते. लाल, पातळ झालेला पट्टा किंवा उघडा व्रण आला की मात्र तिखट, आंबट, गरम काहीही लागलं की आग होते. हिरड्यांवर आला तर ब्रश करणंही नकोसं होतं. साधारण शंभरात एका माणसाला हा आजार असावा असा जागतिक अंदाज आहे; मध्यम वयानंतर आणि स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो.

हा दुसऱ्याला लागतो का?

नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने किंवा चुंबनाने तो पसरत नाही.

पूर्ण बरा होतो का?

त्वचेवरचा लायकेन प्लेनस बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. तोंडातला तसा जात नाही. तो अनेक वर्षं राहतो, कधी शांत, कधी भडकलेला. क्लोबेटासॉल किंवा ट्रायअ‍ॅमसिनोलोनसारखी स्टेरॉइडची मलमं, डेक्सामेथासोनच्या गुळण्या, कधी टॅक्रोलिमस, यांनी दाह आटोक्यात येतो आणि व्रण भरतात. आजार मुळापासून उपटून काढणारं औषध आज नाही. म्हणूनच त्यावर नजर ठेवायची सोपी, न दुखणारी पद्धत हाती असणं इतकं मोलाचं आहे. दहा-पंधरा वर्षं सोबत राहणाऱ्या आजारात दर भेटीला सुई किंवा चाकू कुणालाच नको असतो.

सध्या आजाराची तीव्रता कशी मोजतात?

बघून आणि विचारून. १९९२ पासून वापरात असलेली थाँगप्रासोम यांची पद्धत ० ते ५ गुण देते: काहीच नसेल तर ०, फक्त पांढऱ्या रेषा असतील तर १, सोबत एक चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान लाल पातळ भाग असेल तर २, मोठा असेल तर ३, आणि व्रण असेल तर त्याच्या आकारानुसार ४ किंवा ५. २००७ मध्ये आलेली दुसरी एक गुणपद्धत जास्त बारकाईने चालते. ती तोंडाचे सतरा भाग वेगवेगळे तपासते, प्रत्येक भागातला दाह मोजते, वेदनेचे दहा गुण त्यात मिळवते आणि बेरीज जास्तीत जास्त १०६ पर्यंत जाते.

या पद्धती चांगल्या आहेत आणि रोज वापराव्यात अशाच आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे दोन डॉक्टरांचे डोळे नेहमी सारखं बघत नाहीत; 'लाल' कशाला म्हणायचं यावरच गुण बदलतात. दुसरं म्हणजे डोळ्यांना दिसणारं आणि रुग्णाला जाणवणारं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. तोंडात जेमतेम लालसर छटा दिसते आणि समोरची बाई सांगते की जेवण नकोसं झालंय. ती खोटं बोलत नसते. उलटंही घडतं: मोठा पट्टा सोललेला असतो आणि माणूस म्हणतो, 'काही विशेष नाही.' या दोघांच्या अस्तराखाली काय चाललं आहे ते तिसऱ्या बाजूने कळलं तर उपचार ठरवणं सोपं होईल.

त्यासाठी लाळच का? रक्त का नको?

आजार तोंडात आहे आणि लाळ तिथूनच वाहते. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी असतं, पण उरलेल्या एका टक्क्यात ग्रंथींनी सोडलेली प्रथिनं, हिरड्यांच्या खाचेतून झिरपणारा द्रव, गळून पडलेल्या पेशी, जंतू आणि सुजलेल्या अस्तरातून पाझरलेले पदार्थ असं सगळं असतं. गालाच्या आत दाह असेल तर तिथली रसायनं आधी लाळेत उतरतात. रक्तात ती इतकी पातळ होतात की साधी सर्दी किंवा गुडघ्याची सूजसुद्धा त्यांना झाकून टाकू शकते.

शिवाय लाळ देताना काही दुखत नाही. जेवताना तोंडाची आग होणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

लाळेवरच्या चाचण्या आधीपासून कुठे वापरल्या जातात का?

हो. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तोंडातल्या द्रवावर चालणाऱ्या एचआयव्हीच्या झटपट चाचणीला मंजुरी दिली. कुशिंग सिंड्रोमच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराच्या, निदानात रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजणं ही मान्य पद्धत आहे. या दोन्ही चाचण्या एका ठरलेल्या पदार्थाचा शोध घेतात आणि त्यांचा प्रश्नही सुटसुटीत असतो. ओरल लायकेन प्लेनसमध्ये प्रश्न असतो तो 'मागच्या वेळेपेक्षा दाह किती वाढला?' असा, आणि याचं उत्तर देणं फार अवघड जातं.

लाळेत नेमके कोणते मार्कर मोजतात?

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो सायटोकाइनांचा. पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ही लहान प्रथिनं सोडतात. या आजारात इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांच्याकडे लक्ष दिलं जातं. यांतल्या बऱ्याच प्रथिनांचं उत्पादन पेशीतल्या एनएफ-कप्पा-बी नावाच्या एकाच कळीने सुरू होतं, त्यामुळे ती अनेकदा एकत्रच चढतात. मोजमाप मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात होतं. इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजताना नळीच्या भिंतीला किती प्रथिन चिकटून राहिलं यानेही फरक पडतो.

दुसरा गट ऑक्सिडेटिव्ह ताणाचा. दाह चालू असला की आक्रमक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि पेशींच्या पडद्यातली मेदद्रव्यं, डीएनए यांची नासधूस करतात. त्या नासधुशीचे अवशेष, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड आणि ८-ओएचडीजी, या रुग्णांच्या लाळेत वाढलेले सापडले आहेत. त्यांना आवर घालणारी एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मात्र कमी दिसते. लाळेतला मुख्य अँटिऑक्सिडंट यूरिक अ‍ॅसिड आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण त्याचं नाव आपण फक्त सांधेदुखीत ऐकलेलं असतं.

तिसरा गट अस्तराची वीण उसवणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा). त्यांत एमएमपी-९ पुढे आहे. चौथा गट मायक्रो-आरएनएचा: जनुकांच्या कामावर लगाम ठेवणारे हे छोटे तुकडे आहेत. मिर-२१, मिर-१४६ए, मिर-१५५ यांच्यावर काम चालू आहे. बारीक पिशव्यांत गुंडाळलेले असल्याने ते लाळेत टिकून राहतात, ही त्यांची जमेची बाजू. कॉर्टिसॉल आणि इम्युनोग्लोब्युलिन-ए (लाळेतलं एक संरक्षक प्रतिपिंड) यांचाही अभ्यास झाला, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एकात वाढलेले, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात काहीच फरक नाही.

यांतला सर्वांत भरवशाचा कोणता?

आज एकच नाव घ्यायचं असेल तर मी इंटरल्यूकिन-६ चं घेईन, आणि त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-८. निरोगी आणि आजारी गटांतला फरक या दोघांत वेगवेगळ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसला आहे, आणि व्रण असलेल्या प्रकारात नुसत्या जाळीच्या प्रकारापेक्षा पातळी वर जाते, असंही दिसलं आहे. निरोगी लाळेत इंटरल्यूकिन-६ फार थोडं असतं, त्यामुळे वाढलेलं पटकन नजरेत भरतं. इंटरल्यूकिन-८ मुळातच भरपूर असतं आणि हिरड्यांच्या साध्या दाहातही चढतं, म्हणून त्याचा एकट्याचा आकडा मी जपूनच वाचेन.

'निदानाचा मार्कर' आणि 'देखरेखीचा मार्कर' यांत फरक आहे का?

आहे, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए (औषध प्रशासन) आणि एनआयएच (आरोग्य संशोधन संस्था) यांनी मिळून मार्करची वर्गवारी केली: निदान करणारे, देखरेखीसाठीचे, पुढचा अंदाज देणारे, उपचाराचा गुण येईल का ते सांगणारे, वगैरे. लाळेवरच्या अभ्यासांत बहुतेक वेळा आजारी माणसांचा एक गट आणि निरोगी माणसांचा एक गट घेतला जातो आणि सरासरी ताडली जाते. त्यातून आजार असताना पातळी वाढते एवढं कळतं. देखरेखीसाठी वेगळं काही दाखवावं लागतं: एकाच माणसाच्या लाळेत आजार भडकताना आकडा चढतो, ओसरताना उतरतो, आणि आजार जागच्या जागी असताना तोही जागच्या जागी राहतो. या तीन गोष्टींतली शेवटची फार कमी ठिकाणी तपासली गेली आहे.

उपचार केल्यावर आकडे उतरतात का?

उतरताना दिसले आहेत. २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी डेक्सामेथासोनच्या गुळण्यांआधी आणि नंतर रुग्णांच्या लाळेतले दाहकारक सायटोकाइन मोजले आणि उपचारानंतर ते खाली आल्याचं नोंदवलं. नंतरच्या कामांतही कल तसाच राहिला. रुग्णसंख्या मात्र लहान होती, आणि गट म्हणून सरासरी उतरली तरी त्यातल्या प्रत्येक माणसाची उतरते असं नाही.

लाळ कशी घेतात?

सकाळी ठरलेल्या वेळी, बहुधा नऊ ते अकराच्या दरम्यान. आधी किमान तासभर खाणं, पाण्याशिवाय काही पिणं, धूम्रपान, ब्रश आणि गुळण्या बंद. पोहोचल्यावर साध्या पाण्याने तोंड खळखळून धुवायचं आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं, म्हणजे धुतलेल्या पाण्याने लाळ पातळ होत नाही. मग एकदा गिळून घ्यायचं, मान थोडी पुढे झुकवायची, जीभ-गाल हलवायचे नाहीत, आणि तोंडात साठणारी लाळ ओठांवरून आपोआप नळीत ओघळू द्यायची. खाकरून थुंकायचं नाही. खाकरलं की घशातला कफ येतो आणि जोर लावला की हिरडीतून रक्ताचा अंशही येऊ शकतो.

हे पाच किंवा दहा मिनिटं चालतं आणि घड्याळ लावूनच करतात. नळीचं आधी आणि नंतर वजन करतात. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर, म्हणून मिनिटाला किती लाळ आली ते लगेच निघतं. नळी बर्फात ठेवतात, नंतर वेगाने फिरवून पेशी आणि गाळ खाली बसवतात आणि वरचा स्वच्छ भाग उणे ८० अंशांवर गोठवतात. गोठवलेला नमुना पुन्हा पुन्हा वितळवला तर प्रथिनं मोडतात, म्हणून तो आधीच लहान लहान भागांत वाटून ठेवतात.

कापसाची सुरळी तोंडात धरायला दिली तर विचारा की कोणता मार्कर मोजणार आहात. काही प्रथिनं कापसात अडकून राहतात आणि आकडा खोटा कमी येतो.

मिनिटाला किती लाळ आली याने काय फरक पडतो?

फार मोठा. समजा पहिल्या भेटीत तुमची लाळ मिनिटाला ०.४ मिलिलिटर वाहत होती आणि इंटरल्यूकिन-६ मिलिलिटरमागे २० पिकोग्रॅम आलं. म्हणजे मिनिटाला ८ पिकोग्रॅम. दुसऱ्या भेटीआधी तुम्ही अ‍ॅलर्जीची गोळी सुरू केली, लाळ निम्मी झाली, ०.२ वर आली, आणि अहवालात ४० आलं. मिनिटाला पुन्हा ८ च. अस्तरातून पाझरणारं प्रमाण तसूभरही बदललेलं नाही, आणि अहवाल वाचणाऱ्याला वाटेल की दाह दुप्पट झाला. म्हणून ज्या अहवालात लाळेच्या वाहण्याचा वेग लिहिलेला नाही, तो अहवाल अर्धाच आहे असं मी मानते.

माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. तरी चालेल का?

आधी हिरड्यांचा इलाज करून घ्या. हिरड्यांच्या आजारातही इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-८ आणि एमएमपी वाढतात, आणि लाळेत आलेला पदार्थ गालातून आला की हिरडीतून, हे यंत्राला कळत नाही. रक्ताचा अंश मिसळला आहे का हे ट्रान्सफेरिन किंवा हिमोग्लोबिन मोजून तपासता येतं. चांगली प्रयोगशाळा असा नमुना बाजूला काढते. दुर्दैवाने या आजारात हिरडी सोलून निघते, ब्रश टोचतो, म्हणून माणूस ब्रश टाळतो, आणि मग दातांवरच्या थरामुळे हिरडीला दुसराही दाह होतो. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज साफ करणं आणि दंतवैद्याकडून वेळच्या वेळी सफाई करून घेणं याने अनेकांचा त्रास औषध न बदलताही कमी होतो. मार्करपेक्षा हा सल्ला मी आधी देईन.

अहवालात माझा आकडा 'नॉर्मल' आहे का ते कसं ओळखायचं?

लाळेतल्या या मार्करसाठी सर्वांनी मान्य केलेली नॉर्मल मर्यादा ठरलेली नाही. निरोगी माणसांमध्येच पातळी कित्येक पटींनी वेगळी असते. वय, हिरड्या, धूम्रपान, झोप, औषधं, नमुना घेण्याची वेळ, सगळ्यांचा हात त्यात असतो.

म्हणून तुमचा पाया तुमच्याच लाळेत शोधावा लागतो. आजार शांत असताना, हिरड्या ठीक असताना, थोड्या थोड्या दिवसांनी दोन-तीन नमुने घ्यायचे आणि आकडा आपोआप किती वर-खाली होतो ते बघायचं. नंतरचा बदल त्या चढउताराच्या बाहेर गेला तरच तो खरा.

किती बाहेर जायला हवा याचा हिशेब करता येतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसाठी जी रीत वापरतात तिच्यात दोन चढउतार एकत्र करतात, एक माणसातला आणि एक यंत्रातला, आणि त्याला २.७७ ने गुणतात. उदाहरण म्हणून धरू की काहीच न घडता तुमचा आकडा ४० टक्क्यांनी हलतो आणि यंत्राची चूक १० टक्के आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज १७००, वर्गमूळ सुमारे ४१, गुणाकार सुमारे ११४ टक्के. म्हणजे पहिला आकडा २० असेल तर तो ४३ च्या आसपास गेल्याशिवाय 'वाढला' असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. २० चा ३० झाला म्हणून स्टेरॉइड वाढवणं चुकीचं ठरेल. उतरतानाही तो निम्म्याच्या बराच खाली जायला हवा.

हे ऐकून निराश होणारे असतात. मला वाटतं, खरी मदत याच हिशेबाने होते. नाहीतर प्रत्येक अहवालागणिक माणूस घाबरत किंवा उगाच खूश होत राहील.

दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. कोणता खरा?

कदाचित दोन्ही. प्रत्येक किटमधल्या प्रतिपिंडांची पकड वेगळी असते, आणि एका वेळी एकच प्रथिन मोजणारी एलायझा आणि एकदम अनेक मोजणारी मल्टिप्लेक्स पद्धत यांचे आकडे थेट ताडता येत नाहीत. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने मोजत राहा.

बायोप्सी टळेल का?

नाही. निदान नजरेने दिसणाऱ्या खुणा आणि बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, यांवरच होतं. पेम्फिगस आणि म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड हे तोंडात फोड आणि व्रण आणणारे आजार, एखाद्या औषधाची किंवा दातात भरलेल्या अमाल्गमची प्रतिक्रिया, हे सगळे लायकेन प्लेनससारखे दिसू शकतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो. बायोप्सीत आणखी एक गोष्ट कळते जी लाळेतून कळत नाही: पेशींची ठेवण बदलू लागली आहे का.

तोंडाच्या कर्करोगाचा धोका लाळेवरून कळेल का?

ओरल लायकेन प्लेनसचा समावेश कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असलेल्या तोंडाच्या विकारांत केला जातो. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर हे प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास, थोडं वर असं येतं. धूम्रपान, तंबाखू, दारू आणि व्रणाचा किंवा लाल प्रकार यांत धोका जास्त.

आता कल्पना करा, लाळेची एक उत्तम चाचणी निघाली, जी ९० टक्के वेळा धोका पकडते आणि ९० टक्के वेळा निर्धोक माणसाला निर्धोकच ठरवते. हजार रुग्णांत दहाजणांना खरा धोका असेल, तर चाचणी त्यातल्या नऊजणांना पकडेल. उरलेल्या ९९० निर्धोक माणसांतल्या ९९ जणांनाही ती चुकून धोक्याचा शिक्का मारेल. एकूण १०८ जण घाबरून घरी जातील, आणि त्यातले ९९, म्हणजे शंभरातले जवळपास ९२, विनाकारण. एकही रात्र झोप न लागलेल्या त्या माणसांचा विचार करूनच मी सांगते, आज लाळेच्या आकड्यावरून कर्करोगाबद्दल कुणी काही ठामपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. नियमित तपासणी आणि शंका आलेल्या जागेची बायोप्सी, हाच मार्ग आहे.

ताण वाढला की माझं तोंड भडकतं. कॉर्टिसॉल मोजून घेऊ का?

ताणाने आजार उसळतो असं खूप रुग्ण सांगतात आणि त्यांचं सांगणं मनावर घ्यायलाच हवं. कॉर्टिसॉलचा आकडा मात्र त्यासाठी फारसा उपयोगी नाही. ते झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येतं, त्यामुळे नमुना तासभर पुढेमागे झाला तरी निकाल बदलतो. स्टेरॉइडचं औषध तोंडात वापरत असाल तर आणखी गुंतागुंत: हायड्रोकॉर्टिसोन हे रासायनिकदृष्ट्या कॉर्टिसॉलच आहे, आणि प्रेडनिसोलोनलाही अनेक चाचण्या कॉर्टिसॉल समजून मोजतात.

मलम चालू असताना नमुना दिला तर?

द्या, पण कोणतं औषध, किती वेळा, शेवटचं कधी लावलं हे लिहून द्या. आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. तोंडात स्टेरॉइड लावणाऱ्यांना कँडिडा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि ती बुरशी स्वतःच दाह वाढवते. औषध चालू असताना आकडे चढले, जळजळ वाढली, तर आजार बळावला असं धरून स्टेरॉइड वाढवण्याआधी बुरशी तपासून घ्यायला हवी.

माझं तोंड कोरडं असतं, लाळ येतच नाही.

स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी लाळ येत असेल तर त्याला लाळेची कमतरता म्हणतात. पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटरही जमत नाही. च्युइंगमसारखं काही चघळायला देऊन लाळ आणता येते, पण ती लाळ वेगळ्या प्रमाणात वेगळ्या ग्रंथींतून येते आणि पातळ असते, म्हणून तिचे आकडे तशाच लाळेच्या आकड्यांशी ताडावेत. त्याहून महत्त्वाचं, लाळ का येत नाही याचं कारण शोधा. नैराश्यावरची काही औषधं, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, श्योग्रेन सिंड्रोम (संरक्षण यंत्रणा लाळग्रंथींवरच हल्ला करते तो आजार) ही त्यातली नेहमीची कारणं.

हीच पद्धत तोंडाच्या इतर आजारांत चालते का?

पेम्फिगस व्हल्गारिसमध्ये डेस्मोग्लाइन-३ या अस्तराच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं लाळेत मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. तिथे शोधायचं लक्ष्य आजाराशी थेट जोडलेलं आहे, त्यामुळे मला त्यात जास्त आशा वाटते. लायकेन प्लेनसमध्ये असं एकच ठळक लक्ष्य नाही. जे मोजतो तो सर्वसाधारण दाह असतो.

घरी करायचं किट मिळालं तर घ्यावं का?

ओरल लायकेन प्लेनसच्या देखरेखीसाठी नाही.

मग आज ही तपासणी करून घ्यावी की नाही?

नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून गरज नाही. उपचारांच्या प्रचलित पद्धतींत लाळेच्या मार्करला अजून जागा मिळालेली नाही. एखाद्या अभ्यासात सहभागी व्हायला सांगितलं असेल तर मात्र जरूर विचार करा, कारण एकाच माणसाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारी कामं कमी आहेत, आणि नेमकी त्यांचीच गरज आहे. होकार देण्याआधी विचारा: नमुने किती वेळा आणि किती महिने घेणार? दर वेळी तोंडाचे गुण आणि वेदनाही नोंदवणार का? हिरड्या तपासणार का? लाळेचा वेग मोजणार का? माझा निकाल मला सांगणार का, आणि त्यावरून माझं औषध बदलणार का? शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आज 'नाही' असं यायला हवं.

तोवर मी स्वतः काय करू शकते?

वेदनेचे ० ते १० गुण आठवड्यातून एकदा, त्याच वारी, वहीत लिहा; शेजारी नवीन औषध, आजारपण, दातांचं काम, जागरण असं काही असेल तर तेही. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच उजेडात दोन्ही गालांचे, जिभेच्या कडांचे आणि हिरड्यांचे फोटो काढा. टूथपेस्टने झोंबत असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली वापरून बघा. त्वचेवर, डोक्यावर किंवा जननेंद्रियाच्या जागी खाज, आग, चट्टे असतील तर संकोच न करता सांगा. हा आजार तिथेही असतो आणि न विचारल्याने राहून जातो. तोंडात कुठे गाठ किंवा घट्टपणा लागला, एखादा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा एकाच जागेचं रूप बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसायला लागलं, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट बघू नका. लाळेचा शेवटचा आकडा कितीही चांगला आलेला असला तरी ती जागा लगेच दाखवून घ्या.